गिअरबॉक्सचा आवाज आणि घरचा कान

घरोघर जातें फिरत असे त्या काळीं घरांतील वडील बायकांना जातें न उघडतां त्याचें दुखणें कळत असे. मधली खीळ झिजली म्हणजे वरचा दगड डुलूं लागे आणि आवाज एका बाजूस जड, दुसऱ्या बाजूस पोकळ येई. दगड गुळगुळीत झाले म्हणजे घरघर कमी होऊन नुसती घसट ऐकूं येई व पीठ जाडें पडूं लागे. मग टांकी लावणाऱ्यास बोलावणें जाई. हें ज्ञान त्यांना कोणीं पुस्तकांतून दिलेलें नव्हतें. रोजचा आवाज कसा असतो हें त्यांच्या कानांत पक्कें बसलेलें असे, आणि म्हणूनच आज तो कोठें बिघडला हें त्यांना चटकन उमगे. घरांतील यंत्रें आतां पुष्कळ वाढलीं. त्यांकडे लावावयाचा कान मात्र आपण हळूहळू गमावीत चाललों आहों, आणि त्याची किंमत रोख मोजावी लागते. या लेखांत आम्हांस ज्या यंत्राविषयीं लिहावयाचें आहे तें म्हणजे जुन्या डिझेल पिकअप गाडीचा गिअरबॉक्स. विषय आमच्या वाचकवर्गास थोडा परका वाटेल. परंतु पेण-रोह्याकडील किती तरी एकत्र कुटुंबांच्या चरितार्थाचा भार या गाडीवर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो परकेपणा राहणार नाहीं.

पेण व रोहा हीं रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वीं ज्यास कुलाबा म्हणत त्या जिल्ह्यांतील, तालुक्याचीं गांवें. पेणचें नांव गणेशमूर्तींमुळें सर्वतोमुखीं झालेलें आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागांतील कारखान्यांतून मूर्ति बाहेर पडतात त्या भाद्रपदाच्या कितीतरी आधीं, आणि त्या मुंबई-पुण्याकडे सुखरूप पोंचविणें ही एक मोठीच जबाबदारी असते. पेणचे पोहे-पापड आहेत, खारेपाटांतील भात आहे. तिकडे कुंडलिकेच्या कांठीं रोह्यास भाताचा मुलूख आणि धाटावची औद्योगिक वसाहत आहे. हा सारा माल लहान वाटांनीं हलविण्याचें काम पूर्वीं बैलगाडी व पडाव करीत; आतां तें पिकअप करते. टाटांची टाटामोबाईल १९८८ सालीं आली, महिंद्रांच्या पिकअप गाड्या आल्या, आणि एक-दीड टन माल घेऊन अरुंद गल्लींत शिरणारी ही गाडी कोंकणांत घरचीच झाली. नवी गाडी घेणें सर्वांस झेंपत नाहीं. म्हणून दहा-पंधरा वर्षांची गाडी संभाळून वापरण्याकडे कल असतो. मालवाहू गाडीस आठ वर्षें झालीं म्हणजे योग्यतेचा दाखला दरवर्षीं काढावा लागतो. तेव्हां जुनी गाडी म्हणजे दरसाल परीक्षा देणारा विद्यार्थीच म्हणावयाचा. अशा गाडीच्या पोटांतून एके दिवशीं घरघर ऐकूं येऊं लागली म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, गिअरबॉक्सच नवा बसवा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या दोहोंपैकीं कांहींही करण्यापूर्वीं त्या आवाजाची नीट जबानी घ्यावी.

जबानी घ्यावयाची तर साक्षीदार कोण हें आधीं ठाऊक पाहिजे. मागच्या चाकांनीं चालणाऱ्या जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सांत मुख्यत्वें तीन शाफ्ट असतात. पहिला इंजिनाची शक्ति क्लचमधून आंत आणतो. दुसरा त्याच्या खालीं असतो. त्यास लेशाफ्ट अथवा काउंटर शाफ्ट म्हणतात. तिसरा म्हणजे मेन शाफ्ट. तो ती शक्ति प्रोपेलर शाफ्टमार्गें मागच्या चाकांकडे नेतो. येथें एक गोष्ट विसरूं नये. इंजिन चालू असून क्लचच्या पेडलवर पाय नसेल, तर गाडी दारांत उभी असली तरीही पहिला शाफ्ट व लेशाफ्ट फिरतच असतात. पुढें जाण्याच्या गिअरांच्या जोड्या एकमेकींत सदैव अडकलेल्या असतात. आपण दांडा हलवून गिअर टाकतों म्हणजे त्यांपैकीं एका जोडीस मेन शाफ्टशीं जखडून टाकतों. जखडण्यापूर्वीं दोघांची गति सारखी व्हावी म्हणून पितळी कडीसारखी एक सिंक्रो रिंग असते. ही युक्ति प्रथम अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारीवर १९२८ सालीं आली. त्यापूर्वींच्या चालकांना प्रत्येक गिअर बदलतांना दोन वेळां क्लच दाबून, इंजिनाचा सूर कानानें जुळवून दांते बसवावे लागत. नाहीं तर सर्व रस्त्यास करकर ऐकूं जाई. चौथ्या गिअरांत बहुतेक अशा गाड्यांत पहिला शाफ्ट व मेन शाफ्ट सरळ एक होतात, आणि लेशाफ्टवर ओझें राहत नाहीं. हाही मुद्दा पुढें फार उपयोगी पडणार आहे.

आतां सगळाच आवाज रोग नव्हे हेंही समजून घ्यावें. चार सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटास ७५० फेरे घेत संथ चालत असेल तर सेकंदास २५ धक्के बसतात, आणि डिझेलचे धक्के पेट्रोलपेक्षां कडक असतात. क्लच प्लेटमधील लहान स्प्रिंगा हे धक्के सोसतात. त्या थकल्या म्हणजे मोकळे फिरणारे दांते एकमेकांवर आपटून, डब्यांत चणे हलवावेत तसा खडखडाट होतो. इंजिन जरासें वाढवितांच तो थांबतो. असा आवाज कानास बरा वाटत नसला तरी त्यापायीं गिअरबॉक्स उघडावयाचें कारण नाहीं. पुढें क्लचचें काम निघेल तेव्हां नवी प्लेट बसवितांना त्याचा बंदोबस्त होतो. तसेंच मागें जाण्याचा गिअर बहुधा सरळ दांत्यांचा असतो, म्हणून तो रडत चालतो. पुढचे गिअर तिरप्या दांत्यांचे असल्यामुळें दांत्यावर दांता हळूच चढतो व आवाज मऊ येतो. रिव्हर्सच्या रडण्यास भिऊन कोणीं खर्चांत पडूं नये.

जबानीचा पहिला भाग गाडी अंगणांत उभी असतांना घ्यावा. जागा मोकळी व हवेशीर असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, चाकांस ठोकळे लावलेले असावेत, आणि लहान मुलें दूर असावींत. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन चालू करावें व पेडलवरून पाय काढावा. घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबतांच ती थांबत असेल, तर दोष पहिल्या शाफ्टच्या अथवा लेशाफ्टच्या बेअरिंगांत असण्याचा संभव फार; कारण पेडल दाबल्यानें हे दोनच शाफ्ट थांबले. उलट, पाय काढला असतां शांत आणि दाबला असतां किरकिर असें असेल, तर रिलीज बेअरिंगकडे पाहावें. पेडल दाबतांच कामास लागतें तें तेंच. पेडल दाबून गिअर टाकल्यावर उभ्या गाडींत बारीक चीं-चीं येत असेल, तर फ्लायव्हीलच्या मध्यभागीं बसलेल्या लहान पायलट बेअरिंगचा संशय घ्यावा. गिअर टाकतांना करकर होत असेल तर सिंक्रो रिंगला दोष देण्यापूर्वीं आणखी एक परीक्षा करावी. न्यूट्रलमध्यें पेडल दाबून धरून तीन-चार सेकंद थांबावें, मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या अवधींत आंतले शाफ्ट थांबावयास हवेत. तरीही करकर झाली, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. मग त्याचा इलाज पेडलच्या जोडणींत किंवा क्लचच्या ऑइलांत असूं शकतो, आणि गिअरबॉक्सचें नांवही काढावें लागत नाहीं.

जबानीचा दुसरा भाग रस्त्यावर घ्यावयाचा, आणि त्या कामीं पेण ते रोहा हा रस्ता एखाद्या प्रयोगशाळेसारखा आहे. पेणहून वडखळवरून नागोठण्यापर्यंत वाट बहुतेक सपाट. पुढें नागोठण्याहून रोह्यास वळलें कीं भिसे खिंडीचा चढ व उतार लागतो. सपाटीवर एकेक गिअर घेऊन पाहावें. एकाच गिअरांत आवाज येत असेल तर त्याच जोडीचे दांते दुखावले आहेत. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व पांचव्यांत येऊन चौथ्यांत मावळत असेल तर लेशाफ्टचीं बेअरिंगें धरावींत. चौथ्यांत त्यांच्यावरचा भार उतरतो हें वर आलेंच आहे. गाडी वेगांत असतां गिअर काढून पेडल दाबलें, तरीही आवाज तसाच राहिला, तर मेन शाफ्टचें मागचें बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियल अथवा चाकाचें बेअरिंग यांपैकीं कोणी तरी बोलत आहे. ही परीक्षा रिकाम्या सपाट रस्त्यावर, क्षणभरच करावी. उतारावर कदापि करूं नये. खिंडींत मात्र दुसरेंच कांहीं तपासावयाचें. चढावर दांत्यांची एक बाजू ओझें घेते, उतारावर गाडी इंजिनास ढकलते तेव्हां दुसरी. चढावर एक आवाज व उतारावर दुसरा असें होत असेल, अथवा पाय उचलतांच दांडा हातांत उडी मारून गिअर सुटत असेल, तर गाडी त्याच दिवशीं कामावरून काढावी. भरलेली पिकअप खिंड उतरत असतां गिअर सुटला म्हणजे इंजिनाचा आधार गेला आणि सर्व भार ब्रेकांवर आला. घरघर सहन करीत कांहीं दिवस काढतां येतात. सुटणाऱ्या गिअरास एक दिवसही देऊं नये. कारण तेथें प्रश्न पैशाचा राहत नाहीं, चालकाच्या जिवाचा होतो.

पेणेंतील एका घरची हकीकत या ठिकाणीं सांगण्याजोगी आहे. तीन भाऊ, त्यांचीं कुटुंबें, पोह्यांचा धंदा आणि एक जुनी पिकअप, जी मूर्तींच्या दिवसांत भाड्यानें मुंबईच्या खेपा करी. ज्येष्ठ महिना होता. गाडी घरघरूं लागली. एका ठिकाणीं दाखविली तेव्हां गिअरबॉक्स बदलावा असा पांच आकडी सल्ला मिळाला, आणि मधल्या भावानें गाडी विकण्याची भाषा सुरू केली. मूर्तींच्या खेपा तर ठरून गेलेल्या. शेवटीं एका वृद्ध मिस्त्र्यास बोलावलें. वडील भावांनीं विचारलें, "मिस्त्री, गिअरबॉक्स बदलायचा का, एवढंच सांगा." मिस्त्री म्हणाला, "नाना, बदलायचं मागनं बघू. आधी सांगा, आवाज येतो कधी नि जातो कधी?" यावर घरांत कोणासच उत्तर देतां येईना. तेव्हां दारांत उभा असलेला चालक हळूच म्हणाला, "चौथ्यात गप्प असते, नाना. तिसऱ्यात घेतली की बोलायला लागते. दोन महिने झाले." दोन महिने त्यास हें ठाऊक होतें, आणि दोन महिन्यांत त्यास कोणीं विचारलें नव्हतें.

घरची धाकटी सून गाणें शिकलेली. तिनें गाडींत बसून येण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां प्रथम थोडें हंसूं झालें. परंतु चक्कर मारून आल्यावर तिनें जें सांगितलें तें ऐकून मिस्त्र्यानें मान डोलावली. ती म्हणाली, "गाडीचा वेग तोच ठेवून तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणली ना, मामंजी, की सूर एकदम वर चढतो." या एका वाक्यांत अर्धें निदान आहे. वेग तोच असतां चाकें, डिफरन्शियल व मेन शाफ्टचा मागचा भाग यांची गति बदलत नाहीं, म्हणून त्यांचा सूरही बदलत नाहीं. खालचा गिअर घेतला कीं इंजिन व लेशाफ्ट मात्र जोरानें फिरूं लागतात. सूर चढला म्हणजे दोष त्यांच्याच बाजूस असला पाहिजे. सुराचा हिशेबही सोपा आहे. २० दांत्यांचा गिअर मिनिटास १८०० फेरे घेत असेल तर सेकंदास ६०० वेळां दांत्यास दांता लागतो, आणि ज्यास आपण हुंकार म्हणतों तो या ६०० टक्करांचा सूर असतो. बेअरिंगचा आवाज इतका सुरेल नसतो. त्यांत खर असते. परंतु गतीबरोबर तोही चढतो व उतरतो. पेटीवर ज्याचा कान तयार झाला आहे त्यास हा भेद समजण्यास मिस्त्री असावें लागत नाहीं.

गिअरबॉक्स खालीं आला. मागच्या सीलमधून तेल झिरपत राहून पातळी उतरली होती. लेशाफ्टचीं बेअरिंगें खरवडलीं होतीं, दांते मात्र शाबूत होते. बेअरिंगें व सीलें बदललीं आणि गाडी मूर्तींच्या पहिल्या खेपेस हजर झाली. आणखी एक मोसम तशीच चालविली असती, तर बेअरिंगांचे कण दांत्यांत जाऊन बदलण्याचा सल्ला खरा ठरला असता.

यावरून तेलाचा प्रश्न निघतो. बहुतेक गिअरबॉक्सांच्या दुखण्याचें मूळ तेलाच्या कमतरतेंत असतें, आणि हें घरच्या घरीं पाहतां येण्यासारखें आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी. चढावर पातळी खोटी दिसते. गिअरबॉक्सच्या बाजूस तेल भरण्याचें भोंक असतें. त्याच्या खालच्या कडेपर्यंत तेल असलें म्हणजे पुरें. तेल बदलावयाचें तर भरण्याचा बोल्ट आधीं उघडावा आणि मगच तळचा. तळचा आधीं उघडून तेल सांडलें व वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी कोरडी पडून राहते. तेल कोमट असतां काढावें म्हणजे गाळही निघतो. तळच्या बोल्टास लोहचुंबक असेल तर त्यावरील मळी बोटांनीं चोळून पाहावी. बारीक करडा लेप हा वयाचा भाग आहे. सुईसारखे तुकडे अथवा पातळ पापुद्रे निघाले तर बेअरिंग वा दांते तुटत आहेत. तेलांत सोनेरी चकाकी दिसली तर ती पितळी रिंगांची झीज. पितळ चुंबकास चिकटत नाहीं, म्हणून ती तेलांतच शोधावी लागते. तेलाची जात गाडीच्या पुस्तकांत दिलेली असते तीच घ्यावी. जीएल-५ हें जीएल-४ पेक्षां वरचें, म्हणून चांगलें, असा एक समज आहे. जीएल-५ चें तेल डिफरन्शियलच्या दांत्यांवरील जबर दाबाकरितां केलेलें असतें. त्यांतील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यें जास्त असून तीं तापल्यावर पितळेस खाऊं शकतात. जेथें पुस्तकांत जीएल-४ सांगितलें असेल तेथें मोठा आंकडा पाहून मोहांत पडूं नये.

कोंकणांत तेलाचा आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे पाणी. या भागांत वर्षास सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. १९८९ च्या जुलै महिन्यांत अंबा नदीच्या पुरानें जांभूळपाड्यास केवढा अनर्थ केला हें जुन्या लोकांच्या स्मरणांत आहे. इतका पूर नित्य येत नाहीं. परंतु साकवावरून वाहणाऱ्या पाण्यांतून गाडी घालण्याचा प्रसंग दर पावसाळ्यांत येतो. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यांत बुडाला म्हणजे आंतील हवा आकसते आणि श्वासनळीच्या भोंकावाटे किंवा जुन्या सीलवाटे पाणी ओढलें जातें. असें तेल दुधाळ चहासारखें दिसतें. तें दिसल्यास त्याच आठवड्यांत बदलावें; गंज चढलेलें बेअरिंग पुन्हां कधीं शांत होत नाहीं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या टप्प्याचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू होऊन वर्षानुवर्षें रेंगाळलें, आणि तेथील खड्ड्यांनीं गिअरबॉक्सखालचें रबर व प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांचा पुष्कळ बळी घेतला. रबर तुटलें कीं निरोगी गिअरबॉक्सचा आवाजही चौकटींतून थेट आसनाखालीं येतो. म्हणून स्वस्त वस्तु आधीं तपासावी, महाग मागून.

गिअरबॉक्स उतरविण्याचें काम मात्र जाणत्या हातांचें आहे. त्याचें वजन एका माणसास झेंपणारें नसतें, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीं जाऊं नये. भक्कम घोडे अथवा ठोकळे हवेतच. तरीही घरच्या माणसानें जवळ उभें राहून चार गोष्टींकडे लक्ष द्यावें. सुटे भाग स्वच्छ कापडावर काढल्या क्रमानें मांडले जात आहेत कीं नाहीं. भ्रमणध्वनीनें प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेऊन ठेवलें तर वाद राहत नाहीं. एक गिअर खराब निघाला तर त्याचा जोडीदारही बदलावा. जुन्या-नव्या दांत्यांचा संसार सुरांत चालत नाहीं. बेअरिंग शाफ्टवर बसवितांना जोर आंतल्या कडीवर द्यावयाचा, घरांत बसवितांना बाहेरच्या कडीवर. उलट ठोकल्यास नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं जखमी होतें. गिअरबॉक्स परत चढवितांना त्याचें ओझें क्लच प्लेटवर लोंबूं देऊं नये. खालीं उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग व इंजिनाचें मागचें सील हीं पाहून घ्यावींत, कारण त्यांच्यासाठीं पुन्हां तीच मजुरी पडते. गाडी वाटेंत बंद पडून दूर ओढून न्यावी लागली, तर मागचीं चाकें उचलावींत अथवा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. इंजिन बंद असतां लेशाफ्ट फिरत नाहीं, तेल उडत नाहीं, आणि मेन शाफ्ट कोरडा घासला जातो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. गिअरबॉक्सांत लांकडाचा भुसा अथवा फारच जाड वंगण घालून कांहीं दिवस आवाज बुजविण्याची युक्ति मोटारींच्या बाजारांत फार जुनी आहे. म्हणून गाडी अगदींच मुकी वाटली तरी तेलाचा बोल्ट उघडून बोट घालून पाहावें, आणि इंजिन थंड असतांना व एक तास चालविल्यानंतर, अशा दोन्ही वेळीं ऐकावें. दुखणें बरें होऊन आलेली शांतता टिकते. तोंड दाबून आणलेली पहिल्याच खिंडींत फुटते.

एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते तिची चौकशी पुष्कळदां कोणाचीच नसते. गाडी थोरले चालवितात, धाकटे चालवितात, पगारी चालक चालवितो. आवाज प्रत्येकानें ऐकलेला असतो व प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्यानें सांगितलें असेल. यास आमच्या मतें एक साधा उपाय आहे. गाडींत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, कोणता गिअर, पेडल दाबल्यावर आवाज राहिला कीं गेला, चढावर कीं उतारावर, एवढें ज्यानें ऐकलें त्यानें तेथल्या तेथें लिहावें. ज्यास लिहितां येत नसेल त्याचें सांगणें घरच्या मुलांनीं उतरून घ्यावें. तेल केव्हां बदललें हेंही त्याच वहींत असावें. किराणा व दूधवाल्याचा हिशेब आपण जितक्या काटेकोरपणें ठेवतों तितका या वहीचा ठेवला, तर पुढचा मिस्त्री तुमच्याकडे अंदाजानें काम करणार नाहीं. आणि त्या वहींतील पहिली ओळ चालकास विचारून लिहावी. पेण ते रोहा रोज जाणारा तो एकटाच असतो. खिंड उतरतांना दांड्यावर हातही त्याचाच असतो.